आत्याला भिववायचं म्हणजे

सत्यभामाबाईंना भीती वाटत नाही, हे अख्ख्या ठाणाकुशनूरला ठाऊक होतं. कुणाच्या घरात साप निघाला की लोक आधी त्यांना हाक मारायचे, मग काठी शोधायचे. मसणवट्याला लागून असलेल्या रानात त्या एकट्याच खुरपायला बसायच्या आणि खुरपता खुरपता गाणी म्हणायच्या. कुणी हटकलं तर म्हणायच्या, "तिथल्या लोकाला तरी दुसरी काय करमनूक हाय?"

अशा बाईला भिववायचं काम ज्योतीच्या गळ्यात पडलं होतं. तेही तिनं आपल्याच हातानं पाडून घेतलं होतं.

ज्योतीला कलबुर्गीला जायचं होतं. तिथं सिनेमाचं एडिटिंग शिकवणारा वर्षभराचा कोर्स होता. तिनं वडिलांना विचारलं तेव्हा किशनराव ट्रॅक्टरखाली उताणे पडून कसलासा नट पिळत होते. खालूनच म्हणाले, "आक्काला इचार." बियाणं कुठलं आणायचं, सोयरीक कुठं करायची, टीव्ही कुठल्या भिंतीला लावायचा, या घरात सगळं आक्काच ठरवायच्या. आक्का म्हणजे किशनरावांची थोरली बहीण, ज्योतीची आत्या, सत्यभामाबाई.

आत्या भाकरी थापत होत्या.

"काय शिकनार म्हनलीस?"

"भीतीचे पिच्चर जोडायला, आत्या. सुरुवात कशी करायची, आवाज कुठं टाकायचा, कुठं कापायचं..."

"भीती बी शिकवून येती व्हय?" आत्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "बरं. मला भिववून दाखव. भ्याले तर मी सोता तुला कलबुर्गीच्या बशीत बशिवते. न्हाई भ्याले तर गुमान बी. एड. कर."

"एकदाच दाखवायचं का?"

"दाखव की किती बी. मला तरी दुसरं काय काम हाय, भ्यायचंच हाय."

ज्योती तिथून निघाली ती पळतच. चार घरं ओलांडून प्रियंकाच्या अंगणात शिरली. प्रियंका ही नागनाथमामांची पोरगी, शाळेपासूनची मैत्रीण. बिदरला इंजिनिअरिंग शिकत होती, सुटीला आली होती, आणि तिच्याजवळ लॅपटॉप होता. दोघींना एक वेडं खूळ होतं. भीतीचा कुठलाही सिनेमा त्या फक्त सुरुवातीपुरता बघायच्या. पहिली काही मिनिटं झाली की बंद. प्रियंकाचं म्हणणं असं की भूत एकदा दिसलं की त्याची भीती जाते. मग ते आपलं पाहुण्यासारखं घरभर हिंडत बसतं.

त्या सुरुवाती बघून बघून दोघींना पुष्कळ कळलं होतं. चित्राच्या आधी आवाज येऊ द्यावा. वस्तू रोजचीच दाखवावी, पण नजर हटायच्या वेळेला हटवू नये, थोडी जास्त रेंगाळू द्यावी, म्हणजे बघणारा आपणच तिथं काहीतरी शोधायला लागतो. आणि त्यानं शोधलं की त्याला ते देऊ नये.

"हे सगळं खरं," प्रियंका म्हणाली, "पन आत्यांना आधी एक भूत दाखवून बघू. स्वस्तात जमलं तर जमलं."

म्हणून मग विहिरीजवळ उदाचा धूर केला. प्रियंका पांढरी साडी नेसून, केस तोंडावर सोडून धुरातून हळूहळू चालत आली. आत्यांनी ते फोनवर पाहिलं. डोळे बारीक केले.

"ही नागनाथची पिरी हाय न्हवं? पोरी, किती वाळलीस गं! बिदरला जेवायला घालतेत का न्हाई?" आणि उठून आत गेल्या, डब्यातून शेंगदाण्याचे दोन लाडू आणले. भुतानं ते तिथंच उभ्यानं खाल्ले.

दुसऱ्या खेपेला भूतच नको असं ठरलं. नुसता रिकामा रस्ता. कमलनगरकडं जाणारा, दोन्ही बाजूंना बाभळी, दुपारचं ऊन, वारा. कॅमेरा हलणार नाही, माणूस दिसणार नाही. ज्योती फोन धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. पण आमच्या मुलखात पोरगी रस्त्याकडेला गप उभी आहे आणि तिला कुणी काही विचारलं नाही, असं होत नाही. गावातून रोज सवाऱ्या नेणाऱ्या हणमंतप्पांची जीप आली, पुढं गेली, थांबली, आणि उलटी येत येत ज्योतीपाशी आली.

"एनम्मा, यार बेकु?" कोण पाहिजे, असं त्यांनी आधी कानडीत विचारलं.

ज्योती बोलली नाही. आवाज रेकॉर्ड होत होता.

"किधर जाना है, बेटा?"

ज्योतीनं ओठ गच्च मिटून हातानंच जा-जा केलं.

"कामून उभी हायीस गं उन्हात? चक्कर आली का? आँ? किशनरावची न्हवं तू?" आणि हणमंतप्पा खाली उतरून, पाण्याची बाटली पुढं करत, कॅमेऱ्यात वाकून बघायला लागले.

त्यामुळे सिनेमा असा झाला: रस्ता, वारा, शांतता, आणि मग पडदाभर हणमंतप्पांच्या मिशा. आत्या हसून हसून भिंतीला टेकल्या. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "ह्यो मातर भ्या वाटन्यासारखा हाय गं. पन रोजचाच हाय."

तिसऱ्या खेपेला दार. घरातलंच, धान्याच्या खोलीचं. अंधारात कुर्र करत आपोआप उघडणारं. कुर्रकुर्र इतकी लांबलचक की प्रियंकाच्या अंगावर स्वतःच्याच कामानं काटा आला. आत्यांनी ते एकही शब्द न बोलता पाहिलं. भुवया वर गेल्या. ज्योतीनं प्रियंकाचा हात दाबला. आत्या उठल्या, आत गेल्या, तेलाची बुधली घेऊन आल्या आणि धान्याच्या खोलीकडं चालत्या झाल्या. "कवाचं सांगायलेय किशनला," त्यांचा आवाज आला, "बिजागरीला तेल घाल म्हनून. आता पिच्चरात बी आलं की रे आपलं दार!"

त्या संध्याकाळी दोघी ओसरीवर तोंड पाडून बसल्या. कोर्सचे प्रवेश आठवड्यात बंद व्हायचे होते. बी. एड. चं कॉलेज तर उदगीरच्या मामांनी बघूनही ठेवलं होतं.

"त्या पिच्चरांतली मानसं एकटी असतात गं," ज्योती म्हणाली. "हाक मारतात तर कुनी ओ देत न्हाई. आपल्याकडं हाक न मारताच तिघं ओ देतात. कसली भीती टिकनार इथं?"

प्रियंका लॅपटॉपवर आवाज चाळत होती. सुरुवातीला कामी येतील म्हणून त्यांनी गावातले कितीतरी आवाज भरून ठेवले होते: पिठाची गिरणी, शेळ्या, शेजारच्या राजूबाईंचं भुलईचं गाणं. भुलई इकडं पंचमीला खेळतात. बायकांच्या समोरासमोर दोन रांगा. एक रांग पाय आपटत पुढं येते, गाण्याची ओळ टाकते आणि मागं सरते. मग दुसरी रांग पुढं येते आणि जबाबाची ओळ देते. ओळ टाकणारी राजूबाई आणि जबाब देणारी सत्यभामाबाई, हे कैक वर्षं ठरलेलं होतं. प्रियंकानं राजूबाईंचा आवाज लावला.

*पानंदीच्या वाटंनं गं कोन चालत येतं...*

एवढी ओळ झाली आणि लॅपटॉपची बॅटरी संपली.

आतमध्ये भाकरीचा थपथपाट थांबला. मग आतूनच, चुलीपुढून, आत्यांचा आवाज आला, बरोबर तालावर:

*माझ्या भावाचं लेकरू गं घराकडं येतं...*

आणि पाठोपाठ आत्याच बाहेर आल्या, हात पिठानं भरलेले. "अर्ध्यात कामून तोडलीस गं? भुलईची वळ टाकली की झेलायची असती. न झेलता सोडू ने."

"सोडली तर काय होतंय, आत्या?"

"काय व्हईल! ती वळ मग दारात उभी ऱ्हाती. कुनी तरी घेस्तोवर जात न्हाई." आत्यांनी हे असं सांगितलं जसं भाजीत मीठ कमी आहे सांगावं. आणि भाकरी करपेल म्हणून घाईनं आत गेल्या.

ज्योतीनं प्रियंकाकडं बघितलं. प्रियंकानं ज्योतीकडं. मग दोघींनी एकदम तोंडावर हात दाबले, कारण किंचाळी दोघींच्याही ओठांवर आली होती.

पुढचे दोन दिवस घरात कुणाला काही कळलं नाही. राजूबाईंना शपथ घालून त्यांच्याकडून दोन वाक्यं कुजबुजत म्हणवून घेतली. त्यांना सारखं हसू यायचं, "सत्यभामा मारील गं मला!" म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून. पाय आपटल्याचे आवाज प्रियंकाच्या अंगणातच भरले. आणि ज्योतीनं रात्र रात्र जागून एकच गोष्ट मापली: राजूबाईंची ओळ संपल्यावर आत्यांची ओळ बसेल एवढी जागा. त्या जागेत तिनं काहीच भरलं नाही. नुसते पाय.

"आन् आत्या गायल्याच न्हाई तर?" प्रियंकानं विचारलं.

"तर मी उदगीरला," ज्योती म्हणाली.

खेळ ठेवला सोयाबीनच्या पत्र्याच्या शेडात, भर दुपारी. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, फटींत गोणपाट कोंबलं. भिंतीवर पांढरं धोतर ताणलं आणि शाळेतून मागून आणलेला प्रोजेक्टर लॅपटॉपला जोडला. आत्यांची चटई मधोमध, पुढं, आणि त्यांच्या बरोब्बर मागं, पोत्यांच्या थप्पीत दडवलेला प्रियंकाच्या भावाचा स्पीकर. किशनराव आले. आत्यांचा हात धरून राजूबाई आल्या. हणमंतप्पा तर धुतलेला सदरा घालून आले आणि "मी हाय का ह्याच्यात?" असं विचारून पुढच्या पोत्यावर बसले.

"भ्याले न्हाई तर बी. एड.," आत्यांनी सगळ्यांदेखत पुन्हा बजावलं.

अंधार झाला.

आधी नुसता आवाज. धप्. धप्. मातीत पडणारी पावलं. धोतरावर काहीच नाही. मग हळूहळू उजाडावं तसं अंगण दिसायला लागलं, शेणानं सारवलेलं, स्वच्छ. अंगणात कुणी नाही. एका बाजूला ओळीनं बायकांच्या ओल्या पावलांचे ठसे, समोरासमोर उभं राहायला यावं तसे. दुसऱ्या बाजूला कोरी जमीन. आणि लांबून, फार लांबून गाणं आलं.

*पानंदीच्या वाटंनं गं कोन चालत येतं...*

धप्. धप्. धप्. जबाब नाही.

शेडात कुणीतरी खोकलं आणि मधेच थांबलं. ज्योती धोतराकडं बघतच नव्हती. ती आत्यांचे ओठ बघत होती. ओठ हलले होते. नुसतेच हलले. चटईवरचा उजवा पाय एकदा उठला आणि आत्यांनी तो पदराखाली घेतला.

कॅमेरा कोऱ्या जमिनीकडं थोडासा सरकला. इतका थोडा की सरकला का नाही कळू नये. पुन्हा गाणं आलं. या खेपेला जवळून, आणि जरा थकल्यासारखं.

*पानंदीच्या वाटंनं गं कोन चालत येतं...*

धप्.

ज्योतीनं डोळे मिटले.

आणि सत्यभामाबाईंना राहवलं नाही. एवढी वर्षं झेललेली ओळ, ती डोळ्यांदेखत भुईवर पडते म्हणजे काय! चटईवर बसल्या बसल्याच त्यांनी छाती भरून घेतली आणि खणखणीत आवाजात जबाब दिला, एक मात्रा इकडं नाही की तिकडं:

*माझ्या भावाचं लेकरू गं घराकडं येतं...*

शेवटचा सूर पत्र्याला लागून विरतोय न विरतोय, तोच त्यांच्या मानेमागून, अगदी कानाशी, कुणीतरी हळूच म्हणालं:

"आले गं, आक्का. सर जरा."

"आगं आयाया गं!"

आत्या बसल्या जागेवरून उठल्याच नाहीत, उडाल्या. त्या पडल्या राजूबाईंच्या मांडीत. राजूबाई स्वतःच्याच आवाजाला अशा भ्याल्या की त्यांनी आत्यांच्या कमरेला मिठी मारून डोळे गच्च मिटले. हणमंतप्पा पोत्यावरून खाली घसरले, "यप्पा! यप्पा!" करत. किशनरावांनी एक घोंगडी ओढून काढली आणि शेडात ऊन धाडकन आलं. धोतरावरचं अंगण पुसून गेलं. आणि मग हसू. एकाला आलं, दुसऱ्याला लागलं, पोत्यांना टेकून, एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत सगळे हसत सुटले. प्रियंका तर जमिनीवर आडवी झाली होती.

"भ्याली! आक्का भ्याली!" किशनराव टाळ्या पिटत होते.

"कोन भ्यालं?" आत्यांनी पदर सावरला. त्या अजून राजूबाईंच्या मांडीतच होत्या. "ही राजू भ्याली. मी तिला धरायला गेले."

"असं कसं वो अक्का! तुमी वरडलाव की!"

"तुम्ही गप बसा हणमंतप्पा, तुम्ही खाली पडलाव."

"मी खाली पडलो, पर म्या कबूल तर करायलोय!"

"मी भ्याले न्हाई," आत्या म्हणाल्या. "कुनी काय बी म्हना."

हसणं ओसरलं. ज्योतीच्या चेहऱ्यावरचंही. आत्यांच्या तोंडून निघालं ते निघालं, ते मागं घेतल्याचं या घरात कुणी पाहिलं नव्हतं. ती वाकून वायरी गुंडाळायला लागली. उदगीरला होस्टेल असेल का, असा एक बारीकसा विचार तिच्या मनात येऊन गेला.

पाहुण्यांना चहा टाकायचा होता. आत्या उठल्या, घराकडं निघाल्या. घरात दूध मागच्या खोलीत असायचं, आणि त्या खोलीला खिडकी नव्हती. उंबऱ्यापाशी आत्या थांबल्या. भर दुपार होती. अंगणात कोंबड्या टिपत होत्या. आत्यांनी एकदा त्या काळोख्या दाराकडं बघितलं, एकदा मागं बघितलं.

"जोते," त्या म्हणाल्या. "जरा चल गं माझ्यासंगं."

"दूध आनायला?"

"व्हय. लई जड हाय पातेलं."

पातेल्यात दूध होतं शेरभर. ज्योतीनं आत्यांचा हात धरला. हात गार होता, आणि त्यानं तिचाही हात घट्ट धरला. दोघी दाराशी आल्या.

"आधी तू हो," आत्या म्हणाल्या.

ज्योती आत शिरली. तिच्या पाठीला लागून, तिच्या ओढणीचा काठ मुठीत पकडून, आत्या आल्या. अंधारात दोघींचे श्वास ऐकू येत होते, आणि ज्योतीच्या पोटात हसू असं उसळत होतं की दाबता दाबता तिचे खांदे हलायला लागले.

"हसायलीस कामून गं भवाने?" अंधारातून आत्यांचा आवाज आला. मग जरा थांबून, "बस कितीला हाय कलबुर्गीची?"