बत्तीसपैकी एकतीस

छोट्याचं वय अठ्ठेचाळीस, वजन नव्वदच्या पुढे आणि डोक्यावर केस म्हणाल तर आठवणीपुरते. पण थोरल्या बहिणीने एकदा छोट्या म्हटलं की माणूस जन्मभर छोट्याच राहतो. धंद्याने तो कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्यांचे साचे पाठवायचे आणि हा खिडकीजवळच्या टेबलाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात रोवायचा. समोर प्लास्टरच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल आणि मोबाइलवर अखंड मालिका. आपल्या हातांना आता डोळ्यांची गरज उरलेली नाही, असं तो सांगायचा. कवळी घालणाऱ्यांचं मत वेगळं असेल, पण ते आपल्या गोष्टीत येत नाहीत.

मालिका बघणारे पुष्कळ असतात. ते बघतात आणि गप्प झोपतात. छोट्याला बघून झाल्यावर दुसऱ्याला बघायला लावल्याशिवाय चैन पडायचं नाही. मालिका संपली की घरच्यांच्या ग्रुपवर निकाल लागायचा, तोही बत्तीसपैकी. 'जुळ्या वकिलांची : बत्तीसपैकी चोवीस. शेवटच्या दोन भागांत अक्कलदाढा पडल्या.' 'पाणबुडीवाली : बत्तीसपैकी अकरा. पाणी भरपूर, खोली नाही.' त्याची बायको तर त्याने मालिकेचा विषय काढला की वाळलेले कपडे पुन्हा वाळत घालायला जायची. पण ताई, त्याची थोरली बहीण, कधी निराश करायची नाही. दोन-तीन दिवसांत तिचं उत्तर यायचं : 'बघितली रे. फार छान. शेवट तर अप्रतिम.' असा एक जरी श्रोता मिळाला तरी माणूस आयुष्यभर बोलत राहतो.

मागच्या महिन्यात छोट्याला ती आठ भागांची मालिका सापडली. साठीला आलेली एक बाई. नवरा वाईट नाही. पीत नाही, मारत नाही, चार माणसांत अपमान करत नाही. फक्त ऐकत नाही. तिसऱ्या भागात एका सकाळी बाई बॅग भरते, फोन खणात ठेवते, दोन ओळींची चिठ्ठी लिहिते आणि निघून जाते. पुढचे पाच भाग नवरा तिला शोधतो. शेवटी ती समुद्राकाठच्या एका गावात सापडते, त्याला चहा पाजते आणि परत येत नाही. छोट्या मेणावर टिपं गाळत बसला. त्याने बत्तीसपैकी एकतीस दिले. संगीत जरा जास्त होतं म्हणून एक दात उपटला.

इथवर ठीक होतं. पण शहाण्याने ताईला वेगळा मेसेज केला : 'ताई, ही तू बघच. सगळी कामं बाजूला ठेव. मला सारखी तूच आठवत होतीस.'

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'बघितली रे. फार छान. शेवट तर अप्रतिम.'

बुधवारी सकाळी अकराला दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे ताईचे यजमान. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, मितभाषी, आणि टीव्हीवर बातम्यांखेरीज काही लागलं तर पाहुण्यासारखे अवघडून बसणारे. दाजींनी आजवर छोट्याला आपण होऊन कधी फोन केलेला नव्हता.

"छोट्या, तुझी ताई तुझ्याकडे आलीय का?"

"नाही. का हो?"

"मी फिरून आलो तर घरात नाही. माझी छोटी बॅगही दिसत नाहीये. फ्रिजवर चिठ्ठी आहे."

"काय लिहिलंय?"

दाजींनी सरकारी पत्र वाचावं तशी चिठ्ठी वाचली. "निघाले. दोन दिवसांचं करून ठेवलंय. तब्येतीला जपा." मग म्हणाले, "फोन बंद लागतोय तिचा."

छोट्याच्या तोंडचं पाणी पळालं. मालिकेतल्या बाईची चिठ्ठी त्याला पाठ होती. 'निघाले. आजचं करून ठेवलंय.' तेवढंच. हातातला सुळा मेणात तिरका घुसला आणि तसाच राहिला.

"मी येतो," तो म्हणाला.

रिक्षात त्याने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. कुणी विचारलं होतं? ताईच्या संसारात काय कमी होतं? नसेल दाजींना बोलता येत, पण पस्तीस वर्षं गाडा चालला होता ना! सगळी कामं बाजूला ठेव म्हणे. ठेवली तिने. सगळीच ठेवली. आता उद्या भाच्या परदेशातून विचारतील की मामा, आई का गेली, तर काय सांगायचं? मामाने एकतीस दात दिले होते म्हणून?

ताईचं घर नेहमीसारखंच लख्ख होतं, आणि त्यामुळे ते जास्तच भयाण वाटलं. ओट्यावर थेंब नाही. फ्रिजमध्ये झाकणं लावलेले चार डबे. कपडे घड्या करून पलंगावर. मिक्सरच्या मागच्या प्लगमध्ये ताईचा चार्जर लोंबकळत होता. तो बघितला आणि छोट्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. फोन वापरायचाच नसेल तर चार्जर न्यायचा कशाला?

"दाजी, बसा जरा. मला काहीतरी सांगायचंय."

त्याने सगळं सांगितलं. मालिका, बॅग, चिठ्ठी, स्वतःचा मेसेज. दाजी ऐकत होते. आता हे उठून आपल्या कानाखाली वाजवतील, आणि वाजवावीच, असं छोट्याला वाटलं. दाजी उठले, पाणी प्यायले आणि पुन्हा बसले.

"लाव," ते म्हणाले.

"काय?"

"ती मालिका. तिला एवढी आवडली असेल, तर कुठे जायचं तेही त्यातच बघितलं असेल."

"मग तिसऱ्या भागापासून लावतो. त्यातच जाते ती."

"पहिल्यापासून लाव. गळती शोधायची तर टाकीपासून निघावं लागतं. पाणी रस्त्यावर दिसतं तिथे पाइप फुटलेला नसतो."

छोट्याचा मोबाइल टीव्हीला जोडला गेला आणि भर दुपारी, पडदे ओढून, दोन मेहुणे हरवलेल्या बाईचा शोध घेत सोफ्यावर बसले. ताईने हे पाहिलं असतं तर तिने आधी पडदे उघडले असते.

पहिल्या भागात दाजींना नवरा पसंत पडला. "सरळ माणूस आहे," ते म्हणाले. "वेळेवर घरी येतो." दुसऱ्या भागात त्यांनी भुवया वर केल्या. "ती बोलतेय आणि हा पेपर का चाळतोय?" थोड्या वेळाने, "हा नुसतं हं हं का करतो?" मालिकेबद्दल कुणी मत द्यावं आणि छोट्याने गप्प बसावं, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तिसऱ्या भागात बाईने बॅग भरली. दाजी म्हणाले, "जरा थांबव." ते उठून स्वयंपाकघरात गेले. भांड्याचा आवाज नाही, नळाचा नाही. पाच मिनिटांनी येऊन बसले. "लाव."

चौथ्या भागात पोलीस चौकी होती. हवालदार नवऱ्याला विचारतो, तुमच्या बायकोच्या मैत्रिणींची नावं सांगा. नवरा तोंड उघडतो आणि मिटतो. तेव्हा छोट्याच्या डोक्यात जरा उजेड पडला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"दाजी, आपण ताईच्या मैत्रिणींना विचारू की! कुणाकुणाला फोन केलात?"

"एक आहे," दाजी म्हणाले. "ती चष्मेवाली. मोठ्यांदा हसते."

"नाव काय तिचं?"

पडद्यावर हवालदार पेन घेऊन थांबला होता. दाजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले. छोट्याला त्यांची इतकी दया आली, की त्याने उगाचच मोबाइलमधला आवाज कमी-जास्त केला. नाव त्यालाही माहीत नव्हतं, ही गोष्ट त्याच्या त्यानंतर लक्षात आली.

पाचवा, सहावा, सातवा. मध्ये दोघांनी डबा उघडून उभ्याउभ्याच खाल्लं. दर भागानंतर दाजी ताईचा नंबर लावत आणि फोन बंद आहे असं सांगणारी बाई शेवटपर्यंत ऐकत. सातवा संपला तेव्हा साडेपाच झाले होते. मालिकेतल्या नवऱ्याला समुद्राकाठच्या गावाचा पत्ता मिळाला होता आणि तो बसमध्ये चढला होता.

"सापडते का?" दाजींनी विचारलं.

"सापडते."

"येते का परत?"

आयुष्यभर छोट्याने शेवट सांगून लोकांचा विरस केला होता. आज हा शेवट मात्र त्याने गिळला. "दाजी, आठवा नको बघूया," तो म्हणाला. "आपण पोलिसांकडेच जाऊ."

दाजी समजले. त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. एक पायात होती, तरी ते दुसऱ्या खोलीत तीच शोधत होते.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. दाजींनी छोट्यालाही ऐकू यावं म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावरच ठेवला.

"अहो, मी बोलतेय," ताई म्हणाली. "जेवलात का?"

दाजी मटकन खुर्चीत बसले. बोलायचं काम छोट्यावर आलं. "ताई! कुठे आहेस तू?"

"छोट्या? तू काय करतोयस तिकडे? बरं आहे ना सगळं?"

"तू कुठे आहेस ते सांग आधी!"

"हॉस्पिटलमध्ये. अरे, मी ठणठणीत आहे. मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं ना आज! तिचं कोण आहे इथे? म्हटलं दोन रात्री राहते सोबत. चार्जर तेवढा घरीच विसरले मेला, फोन सकाळीच मान टाकून बसला. आत्ता ती शुद्धीवर आली, तेव्हा तिच्या फोनवरून करतेय. यांना सांगितलं होतं की मी रविवारी! म्हणाले, बरं, जा."

छोट्याने दाजींकडे पाहिलं. दाजी रविवार आठवत होते. रविवारी बातम्यांत चार माणसं एकदम ओरडत होती, एवढं त्यांना आठवत असावं.

छोट्याचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, त्याचा आवाजही झाला, कारण तो मोठ्याने हसला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. तरी एक काटा राहिलाच होता. "ताई, मग ती मालिका?"

"कुठली रे?"

"ती मी पाठवलेली. बाई बॅग घेऊन जाते ती. तू बघितलीस ना?"

"आता तुला खरं सांगू का? दहा मिनिटं बघितली. ती बाई भांडी घासत होती. म्हटलं, हे तर मी रोजच बघते. मग डोळा लागला."

"शेवट अप्रतिम म्हणालीस की!"

"शेवट मी सगळ्यांचाच अप्रतिम म्हणते. तुला बरं वाटतं."

"पाणबुडीवाली?"

"नाही रे."

"जुळे वकील?"

"छोट्या, मला वेळ कुठे असतो?"

एरवी हे ऐकून छोट्या आठवडाभर जेवला नसता. आज ते शब्द त्याला मधासारखे लागले. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, असं म्हणायचीही सोय नव्हती. कावळा बसलाच नव्हता. अकरा वर्षं तो ग्रुपवर काव काव करत होता आणि एकाही घराचं पान हललं नव्हतं. कुणाचाही संसार त्याच्या दातांवर टांगलेला नव्हता. त्याने खुर्चीत पाय पसरले आणि सकाळपासून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

"चला, ठेवते," ताई म्हणाली. "तिला गोळ्या द्यायच्यात. शुक्रवारी येते. ऐकलंत ना? शुक्रवारी."

"थांब," दाजी म्हणाले. इतक्या वेळात हा त्यांचा पहिला शब्द होता. "तिचं नाव काय?"

"कुणाचं?"

"तुझ्या मैत्रिणीचं."

"अहो, तीस वर्षं येते ती आपल्याकडे!"

"येते. नाव सांग."

ताईने सांगितलं. दाजींनी शर्टाच्या खिशातून पेन काढलं, हाताशी आलेल्या कागदावर नाव लिहिलं आणि बरोबर आहे ना, म्हणून वाचून दाखवलं. मग खुर्ची टेबलाजवळ ओढून फोनवर जवळजवळ ओणवे झाले.

"रविवारी काय काय सांगितलं होतंस, ते परत सांग. पहिल्यापासून."

"आत्ता?"

"आत्ता. मी ऐकतोय."

छोट्याने हळूच टीव्ही बंद केला. पलीकडून ताईने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"रविवारचंच सांगू," ती म्हणाली, "की त्याच्या आधीचंही?"