स्वागतकक्षातली जागा

पदवी हातात पडून वर्ष उलटलं तरी धाकटी कुठे चिकटेना. बाबा तोंडावर काही बोलत नसत. ती समोर आली की पेपरात डोकं घालत. शेवटी तिने रोजगार मदत केंद्रात नाव घातलं. तिथल्या समुपदेशक बाई लाघवी होत्या. "आधी लोकांत मिसळ गं. कुठेतरी बिनपगारी काम कर. अनुभव दिसला की दारं उघडतात."

दार आत्याने उघडलं. नवरा गेल्यापासून ती भावाकडेच राहायची आणि एका धर्मादाय दवाखान्याचा स्वागतकक्ष सांभाळायची. त्या पगाराच्या जोरावरच तिने या घरात मान वर ठेवली होती. तिने डॉक्टरांकडे शब्द टाकला. "माझी भाची आहे. हुशार आहे, कामाला वाघ आहे."

धाकटी खरंच मन लावून राबली. पेशंटच्या वेळा तिने संगणकावर घेतल्या, दारातली गर्दी हटली. सुट्टीच्या दिवशी केंद्रातल्या पोरापोरींना घेऊन वस्तीत तपासणी शिबिरं भरवली. म्हाताऱ्या बायका तिला नावाने हाक मारू लागल्या. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतोय, असं तिला बऱ्याच दिवसांनी वाटत होतं. आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमची आहे ती."

एक दिवस डॉक्टरांनी दोघींना आत बोलावलं. "आता एका माणसात भागतंय," ते टेबलाकडे बघत म्हणाले. "हिला ठेवून घेतो. पगार तुमच्यापेक्षा थोडा कमी असेल, पण नोकरी कायम."

दोघी घराकडे निघाल्या.

"मी नाही म्हणून सांगते," धाकटी म्हणाली.

"म्हणजे मला परत घेतील का? केंद्रातून दुसरी कुणीतरी आणतील. तीही फुकट येईल." आत्याने पदर सारखा केला. "दोघी घरी बसून काय करणार? घे तू."

दुसऱ्या दिवशी धाकटीने केंद्र गाठलं. आत्यासाठी काही बघता का, म्हणाली.

"शिक्षण किती?" बाईंनी विचारलं.

"शाळेपर्यंत. पण वीस वर्षं काम केलंय."

"मग आपल्यात नाही बसत गं. ही योजना पदवीधरांची." बाईंनी मोबाईल काढला. "बरं झालं आलीस. नोकरी लागलेल्यांच्या भिंतीवर लावायला तुझा फोटो हवाच होता. हस थोडं."

धाकटी हसली. स्वागतकक्षात बसून तशी सवयच झाली होती.

सोमवारपासून ती पगारावर रुजू झाली. आत्याने न सांगता डबा भरून दिला. धाकटी चपला घालत होती तेव्हा आतून बाबांचा आवाज आला. "चहा टाक. आणि माझे शर्ट राहिलेत धुवायचे."

आजवर ते आपल्या बहिणीशी असं कधी बोलले नव्हते. धाकटी क्षणभर उंबऱ्यात थांबली. मग उशीर होतोय, असं स्वतःला सांगून जिना उतरली.