पोकुआताईचं बोट

ताईचा उजवा हात सुजून टम्म झाला, तेव्हा तिनं गावभर एकच सांगितलं, "स्वयंपाकघराच्या पायरीवरून पडले." खरं काय ते आम्हा दोघी बहिणींनाच ठाऊक. स्तनाचा कॅन्सर, कुमासीला जाऊन ऑपरेशन, मग रेडिएशन. तेवढे महिने ती अक्राला भाचीकडे गेलीय असं मी चर्चमध्ये बिनदिक्कत ठोकून देत होते. काखेतल्या गाठी काढल्या की हातातल्या पाण्याला वर सरकायला वाट उरत नाही, म्हणून सूज, असं डॉक्टरांनी समजावलं होतं.

पण खोटं बोललं की निस्तरावंही लागतं. एका सकाळी आमच्या विहीणबाई, फ्रिम्पोमा, हाडवैद्याला घेऊन दारात हजर! आमच्या भावाच्या मुलाची, येबोआची, ती सासू. हाडवैद्यानं कढत पाल्याचं भांडं खाली ठेवलं आणि ताईचा हात ओढायला बसला. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी तर बजावलं होतं, शेक नको, ओढाताण नको, साधा ओरखडासुद्धा नको. मी ते भांडं उचलून अंगणात ओतलं.

"चांगलं करायला जावं तर ही तऱ्हा!" फ्रिम्पोमा फणकारली.

"विहीणबाई, तिचा हात आहे तो. तुमच्या चुलीतलं लाकूड नाही ओढायला."

ती तणतणत गेली, आणि मी ताईवर उखडले. "सांगून टाक ना एकदाचं!"

"वेड लागलंय का तुला? येबोआची बायको पोटुशी आहे. तो माझ्या मांडीवर वाढला. म्हणतो, 'मुलगी झाली तर तुझंच नाव, आत्या, आणि ठेवायचंही तूच.' कॅन्सर कळला तर फ्रिम्पोमा माझं बोट बाळाच्या तोंडाला लागू देईल? शापाची बाई म्हणून दारातूनच परत पाठवेल."

आमच्याकडे जन्मानंतर आठव्या दिवशी पहाटे बाळाच्या जिभेला बोट लावूनच नाव देतात, आणि ते बोट उजव्या हाताचंच. डावा पुढे केला तर अख्खं घराणं तोंड फिरवेल. ताईचं उजवं बोट तर वाकतही नव्हतं.

मग मात्र ती कंबर कसून कामाला लागली. रोज सकाळी मी तिच्या हातावरून अगदी हलका हात फिरवायची, खालून वर, आणि मग बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या गुंडाळायची. पट्ट्यांसकट तिचा व्यायाम. मूठ वळ, उघड, हात वर.

"किती आवळतेस! मी काय मक्याची केंकी आहे पानात बांधायला?"

"केंकी परवडली. ती बडबडत नाही."

सूज फार हळू उतरली. एके दिवशी पट्ट्या सोडल्या तर मनगटाचं हाड दिसलं. इतक्या दिवसांनी! ताई त्या हाडाकडे बघून रडली, मग मीही रडले. शिवणाऱ्या बाईनं बारशाच्या पांढऱ्या झग्याची उजवी बाही मुद्दाम सैल बेतली होती, ती आत घ्यावी लागली. हात पहिल्यासारखा झाला नाही. तो आता जन्मभर सांभाळायचा, असं व्यायामाच्या बाई म्हणाल्या. पण बोट वाकायला लागलं.

मुलगीच झाली. शुक्रवारची म्हणून अफिया, आणि ताईची म्हणून पोकुआ. पहाटे अंगणात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले. बाळ ताईच्या मांडीवर, पुढे दोन पेले, एक पाण्याचा, एक दारूचा, पोरीनं दोन्हींतला फरक ओळखून खरं तेच बोलावं म्हणून. ताईनं पाण्यात बोट बुडवलं.

"अफिया पोकुआ, तू पाणी म्हणशील तर ते पाणीच असू दे..." एवढं म्हणून ती थांबली. बोट हवेतच. मला वाटलं, आखडलं.

"मला नाही म्हणता येत," ती म्हणाली. "पोरीला खरं बोलायला शिकवायचं आणि माझ्याच तोंडात खोटं! मी पायरीवरून पडले नव्हते. मला कॅन्सर झाला होता. उजवा स्तन काढलाय, त्यानं हात सुजला. शाप नाही, कुणाला लागणारा रोगही नाही. पण होता तो कॅन्सरच. आता बाळ उचलून न्यायचं असेल तर न्या."

फ्रिम्पोमा उठली आणि तडक ताईसमोर येऊन उभी राहिली.

"म्हणजे तो हाडवैद्य मी उगाच आणला?"

"उगाच."

"आणि एवढं सगळं एकटीनं सोसलंत? का?"

"तुम्ही हिला माझ्यापासून तोडाल म्हणून."

फ्रिम्पोमा खाली बसली. ताईचं ते जाडसर मनगट तिनं सगळ्यांदेखत दोन्ही हातांत धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग डोळे पुसून पाण्याचा पेला पुढे सरकवला.

"बोट वाळलं बघ तुझं," ती म्हणाली. "बुडव परत. पोरगी ताटकळलीय."