डावी पट्टी, उजवी पट्टी

मालिकेच्या सेटवर काम लागलं, असं धाकटीने घरी सांगितलं तेव्हा ते अर्धंच खरं होतं. लागलं होतं ते महिन्याभराच्या बोलीवर. महिना भरला की प्रॉडक्शनचे साहेब ठरवणार, हिला ठेवायचं की नारळ द्यायचा. ही गोष्ट वडिलांच्या कानावर गेली आणि त्यांनी त्या महिन्याला आपलीही अट शिवून टाकली. पक्की झालीस तर ठीक, नाहीतर पहिल्या तारखेपासून मामाच्या फरशांच्या दुकानात. मामा तर तिची खुर्चीसुद्धा पुसून बसला होता. फरशी म्हणजे कशी, एकदा बसली की हलत नाही, माणसानेही तसंच असावं, असं तो येताजाता ऐकवायचा.

तिचं काम काय ते घरात कोणाला धड कळलं नव्हतं. मालिकेत नायिका दार उघडून आत येते. दाराबाहेरचं आज चित्रित करतात, दाराच्या आतलं पुढच्या आठवड्यात. मधल्या आठ दिवसांत तिच्या हातातली पिशवी बदलता कामा नये, केस कानामागचे पुढे येता कामा नयेत. हे सगळं फोटो काढून, लिहून, लक्षात ठेवणारं जे माणूस असतं त्याच्या हाताखाली धाकटी होती. ते माणूस पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मालिकेत पळालं, त्यामुळे ती आता कोणाच्याच हाताखाली नव्हती आणि सगळ्यांच्या बोलण्याखाली होती.

“म्हणजे दुसऱ्यांचे कप कुठे ठेवलेत ते बघायचं,” ताई म्हणाली. “घरातला एक कधी उचललास का?”

ही नोकरी मिळाली ती मेकअपदादांमुळे. दादा त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. बावीस वर्षं लोकांच्या तोंडाला रंग लावत आलेले, स्वतःच्या तोंडाला मात्र कधी धड दाढीचा साबणही न लावलेले. साहेबांकडे त्यांनीच शब्द टाकला होता. कामाच्या दुसऱ्याच दिवशी ती पाण्याच्या पिंपाआड डोळे पुसत उभी होती तेव्हा त्यांनीच तिला गुरुमंत्र दिला. “हे बघ, इथे कोणाच्याही डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही. माझ्याही नाही. फोटोवर ठेवायचा. मी फोटो बघितल्याशिवाय ब्रश उचलत नाही.”

तर झालं असं. नायिका जिन्यावरून पडली आणि तिच्या कपाळावर, उजव्या भुवईच्या वर, दादांनी झकास जखम काढून पट्टी लावली. धाकटी फोटो काढायला गेली. पण नायिका आरशासमोर बसून फोनवर कोणाशी तरी भांडत होती आणि भांडताना ती मान वळवत नसे. धाकटीने दोनदा “मॅडम” म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही. मग तिने मागे उभी राहून, आरशात दिसणाऱ्या तोंडाचाच फोटो काढला. छान आला. पट्टी, भुवया, कपाळ, सगळं ठसठशीत.

आठ दिवसांनी पट्टीची पुढची दृश्यं लागली. दादांनी फोटो मागितला, तिने दाखवला. दादांचा हात जरा थबकला.

“उजवीकडे होती ना गं?”

“नाही दादा. फोटोत डावीकडे आहे.”

“मग डावीकडे,” दादा म्हणाले आणि त्यांनी ब्रश उचलला.

दोन दिवस डाव्या पट्टीने बारा दृश्यं झाली. त्या कपाळाकडे अकरा माणसं टक लावून बघत होती. दिग्दर्शक संवाद ऐकत होता, कॅमेरावाला प्रकाश बघत होता, नायकाला स्वतःशिवाय कोणी दिसतच नसे आणि खुद्द नायिका फोनवर होती. सासूचं काम करणाऱ्या बाईंनी तर जखमेवरून मायेने हात फिरवून डोळ्यांत पाणी काढलं. खरंखुरं पाणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी फोटो नीट लावत होती. पट्टीच्या फोटोत कोपऱ्यात क्रीमची बाटली होती, आणि बाटलीवरची अक्षरं उलटी होती. फोटो आरशातला होता. तिने मागच्या आठवड्यात दाखवलेला भाग फोनवर काढून बघितला. पट्टी उजवीकडे. अख्ख्या जनतेने उजवीकडे बघितलेली.

तेव्हाच जाऊन सांगितलं असतं तर? हा प्रश्न तिने पुढे स्वतःला बऱ्याचदा विचारला. पण महिना भरायला चार दिवस राहिले होते आणि डोळ्यांसमोर मामाची पुसलेली खुर्ची होती. फोनमध्ये फोटो उलटवायचं एक बटण असतं. तिने ते दाबलं. बाटलीवरची अक्षरं सुलट झाली, पट्टी उजवीकडे गेली. जणू काही घडलंच नव्हतं.

तासाभरात संकलन करणाऱ्याचा फोन आला, पट्टीची बाजू बदललीय म्हणून, आणि साहेबांनी धाकटीला आणि दादांना खोलीत बोलावलं. दादा शांत होते. फोटो बघूनच केलं म्हणाले. साहेबांनी फोटो मागितला. धाकटीने फोन पुढे केला तेव्हा तिचा हात अजिबात थरथरला नाही, याचंच तिला नंतर सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

दादांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला. मग चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा बघितला.

“मला तर डावीकडे दिसली होती,” ते म्हणाले, आणि मग हळूच, “माझेच डोळे गेले असतील.”

साहेबांनी त्यांना डोळे तपासून दाखला आणायला सांगितलं. तोपर्यंत त्यांच्या जागी साहेबांच्या मेहुण्याचा भाचा येणार होता. त्याने लग्नाच्या हॉलवर बरीच तोंडं रंगवली होती म्हणे.

बारा दृश्यं फेकायची कोणाची छाती होत नव्हती. म्हणून लेखकाला घरून उचलून आणलं आणि त्याने अर्ध्या तासात नायिकेला त्याच जिन्यावरून दुसऱ्यांदा पाडलं, या वेळी डाव्या बाजूवर. उजवी जखम मधल्या काळात सासूच्या सेवेने बरी झाली, असं ठरलं. लोकांना ते भलतंच आवडलं. एका बाईंनी तर चॅनेलला पत्र लिहून जिन्याला कठडा बसवायची कळकळीची विनंती केली. साहेब खूश झाले आणि शनिवारी धाकटीच्या हातात पक्क्या नोकरीचं पत्र पडलं. घरी वडिलांनी ते चष्मा लावून दोनदा वाचलं. ताई तिच्या मैत्रिणींना फोनवर सांगू लागली की बहीण आमची सेटवर सगळं सांभाळते. मामाने खुर्चीवर स्वतःच्या चपला ठेवल्या. धाकटी लवकर झोपते म्हणून आत गेली आणि डोळे उघडे ठेवून पडून राहिली.

सोमवारी दादा सेटवर आले. नव्या मुलाने नायिकेच्या दोन्ही भुवया दोन वेगवेगळ्या उंचीवर काढल्या होत्या आणि दिग्दर्शक त्यांतली खरी कोणती ते विचारत होता. दादांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. ते धाकटीला शोधत आले. हातात डॉक्टरांचा कागद होता.

“डोळे ठणठणीत आहेत म्हणाला,” ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. “मग बिघाड डोक्यात आहे. बायकोला अजून बोललो नाही. तू रोज बघत होतीस मला. अजून कुठे कुठे चुकायचो गं मी?”

धाकटीने सगळं सांगितलं. आरसा, बाटली, बटण. दादांनी तिला तेच पुन्हा सांगायला लावलं, आणि मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ऐकताना ते हसले, सुटल्यासारखे, आणि खाली बसले. मग त्यांचं हसणं थांबलं.

“डोकं जागेवर आहे तर,” ते म्हणाले. “आता हेच आत जाऊन सांग.”

ती गेली. पत्र पर्समध्येच होतं, ते तिने टेबलावर ठेवलं आणि एका दमात बोलून टाकलं. साहेबांनी मान वर न करता ऐकलं. मग वर केली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघितलं.

“फोटो फिरवायचं तुला आयत्या वेळी सुचलं?”

तिने होकाराची मान हलवली.

“हुशार आहेस. इथे तीच तर अडचण असते, लोकांना आयत्या वेळी सुचत नाही.” त्यांनी पत्र तिच्याकडे सरकवलं. “बाहेर कुठे बोलू नकोस.”

तिने दादांचं विचारलं. साहेब म्हणाले, भाच्याला आणून चारच दिवस झालेत, आता त्याला काढलं तर घरी जेवायला कोण वाढणार. शिवाय दादांचं वयही झालं. पुढे कधी गर्दीची दृश्यं असली तर बघू.

ती बाहेर आली. दादा बाकावर बसले होते. तेवढ्या वेळात त्यांनी सगळे ब्रश धुऊन, पुसून, मांडीवर ओळीने लावले होते, लहान ते मोठा, कामाला लागायच्या आधी लावायचे तसे.

“काय म्हणाले?” त्यांनी विचारलं.

धाकटी त्यांच्या शेजारी बसली. पत्र तिच्या मुठीत चुरगळलं होतं आणि आता आयत्या वेळी तिला काहीही सुचत नव्हतं.