दुखलं म्हणजे लागू पडलं

"अंकल, और ऊपर. दीवार से हाथ मत छोड़ना."

शर्ट खुंटीला, अंगात बनियन, दोन्ही तळहात भिंतीला टेकवलेले, असा मी उभा होतो. डावा हात सरसर वर गेला. उजवा खांद्याच्या जरा वर पोचला आणि तिथेच त्याने बसकण मारली. मास्तरांनी भिंतीकडे तोंड करून उभं केलेल्या पोरासारखं मला वाटत होतं, आणि माझं वय सदुसष्ट.

फिजिओथेरपिस्टचं नाव निवेदिता. मुलगी आपल्याच मराठी घरातली, पण मी मराठीत विचारत होतो आणि ती हिंदीत उत्तरं देत होती. रायपूरच्या पोरांचं हे असंच असतं. तिने माझ्या पाठीचा व्हिडिओ काढून मोबाइल समोर धरला. हात वर जाताना डाव्या बाजूचा फरा, म्हणजे पाठीवरचं ते त्रिकोणी हाड, गुमान बरगड्यांवरून सरकत होता. उजवा मात्र नीट न लागलेल्या कपाटाच्या दारासारखा बाहेर आला होता.

"ये कंट्रोल में नहीं है, इसलिए कंधा फँस रहा है. एक्सरसाइज कौनसी करते हो?"

"वॉकिंग," मी म्हणालो.

धडधडीत खोटं. चौबे कॉलनीतल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये अकरा वर्षं रोज सकाळी सहाला मी व्यायामाचा वर्ग घेतो. सारा जन्म रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी केली, तिथे मला कोणी साधं 'गंगाधरजी'सुद्धा म्हटलं नाही. वर्गात मात्र मी 'सर' आहे. तरुणपणी अमरावतीकडच्या एका आखाड्यात मुद्गल, म्हणजे लाकडाची जड गदा, फिरवायला शिकलो होतो, तेवढ्या भांडवलावर. साठीच्या बायाबापड्यांसाठी मी सुताराकडून हलके मुद्गल करवून घेतले आणि ते डोक्यामागून फिरवायला लावले. कोणी कुरकुरलं की माझं वाक्य ठरलेलं: "दुखलं म्हणजे लागू पडलं!" सगळे हसायचे आणि पुन्हा फिरवायचे. आता चार महिने माझाच खांदा मला कुशीवर झोपू देत नव्हता. म्हणून कॉलनीतलं कोणी भेटणार नाही असा हा पंडरीतला, कापडाच्या दुकानांमागचा दवाखाना मी शोधून काढला होता.

निवेदिताने तीन व्यायाम निवडले. भिंतीवरून हात हळूहळू वर सरकवायचे. कोपर न वाकवता भिंतीला ढकलायचं, इतकं की फरे पुढे सरकले पाहिजेत. आणि कुशीवर पडून, कोपर अंगाशी ठेवून, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायची.

"बस, तीन. बाकी सब बंद. दर्द बढ़े तो वहीं रुकना."

हा काय व्यायाम झाला, मी मनात म्हटलं. पाचव्या खेपेला बाटली थरथरायला लागली. सहाव्याला मी ती खाली ठेवली. लोकांच्या हातात मी इतकी वर्षं वजन दिलं, पण ज्या हाडाच्या आधारावर तो हात वर जातो त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात पडदा सरकवून कौमुदीताई आत आल्या.

कौमुदीताई पोस्टातून निवृत्त झालेल्या, माझ्या वर्गात सहा वर्षं एकही दिवस न चुकवणाऱ्या. गेले तीन आठवडे मात्र आल्या नव्हत्या. मुलीकडे बिलासपूरला गेल्यात, असं कळलं होतं.

"सर? तुमी काहून इथं?"

"असंच. थोडं..." मी झटकन शर्ट ओढला. डावा हात बाहीत घातला आणि उजवा काही केल्या मागे जाईना. त्यांनी ते पाहिलं. पुढे येऊन एका हाताने शर्ट माझ्या अंगातून काढला आणि उजवी बाही समोर धरली.

"पहिले दुखता हात घाला, सर. मंग चांगला. मलेही इथंच समजलं."

"तुमचाही खांदा?"

"हव. केस त्याच्यापायीच कापले न मी. वेणी घालाले हात मागं जातच नाही. सून घालून देत होती, पण तिले रोज किती तरास द्याचा?" आणि त्या हसल्या.

कंबरेपर्यंत केस होते त्यांचे. महिन्यापूर्वी ते कापून आल्या तेव्हा भर वर्गात मी ओरडलो होतो, "काय कौमुदीताई, नातीची फॅशन उचलली का?" सगळा हॉल हसला होता. त्याही हसल्या होत्या, अशाच. धरणीने पोटात घ्यावं असं मला आता वाटलं.

निवेदिताने त्यांना खुर्चीवर बसवलं. "आंटी, पिछली बार आपने ठीक से बताया नहीं. ये शुरू कैसे हुआ?"

कौमुदीताईंनी चांगला, डावा हात डोक्यामागे नेऊन, मुद्गल धरल्यासारखी मूठ फिरवून दाखवली.

"वजन लेकर? दुखते हुए भी?" निवेदिताचा आवाज चढला. "ये किसने सिखाया आपको?"

कौमुदीताईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

"मोबाइल में देखा था," त्या म्हणाल्या.

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. 'मी शिकवलं' एवढंच म्हणायचं होतं. मी गुंड्या लावल्या, "येतो" म्हटलं आणि बाहेर पडलो. सदुसष्टाव्या वर्षी एका बाईच्या खोट्याआड लपलो. रिक्षा न करता घरापर्यंत चालत आलो, आणि ती लाज रस्ताभर सोबत होती. संध्याकाळी त्यांना फोन केला. म्हटलं, "उद्या वर्गाले या. मुद्गल नाही फिरवाचे." त्या बरं म्हणाल्या, विचारलं काही नाही.

सकाळी चौदा जण होते. त्या मागच्या रांगेत, दाराजवळ. श्यामराव सवयीने मुद्गल उचलायला गेले.

"ठेवा ते, श्यामराव."

"काहून, सर?"

रात्रभर पाठ केलेलं सगळं विसरलो. "दुखलं म्हणजे लागू पडलं, हे मी तुमाले चुकीचं शिकवलं. दुखलं तर थांबा लागते. कौमुदीताईचा खांदा माह्यापायी गेला. वेणी घालता येत नाही म्हणून त्यायनं केस कापले, आन् मी हसलो. काल डॉक्टरनं विचारलं कोनं शिकवलं, तं त्यायनं माहं नाव घेतलं नाही." मी मागच्या रांगेकडे पाहिलं. "मी तिथंच होतो. मीही नाही घेतलं."

कौमुदीताई खाली पाहत होत्या. त्यांनी 'जाऊ द्या सर' म्हटलं नाही, आणि मला ते बरोबर वाटलं.

"ज्याचं दुखते त्यानं पहिले डॉक्टरले दाखवून यावं," मी म्हणालो. "मी माहं दाखवतो."

त्या चौदा जणांसमोर अकरा वर्षांत मी कधी शर्ट काढला नव्हता. काढला. बनियनवर भिंतीकडे तोंड केलं, तळहात टेकवले आणि हात वर सरकवायला लागलो. उजवा तिथेच अडकला. मागे कुजबुज झाली. फरा बाहेर आलेला त्यांना दिसला असणार.

मग पाठीवर एक तळहात टेकला.

"हात नका ओढू," कौमुदीताई म्हणाल्या. "हळू. इथून. दुखते का?"

"थोडं."

"मंग इथंच थांबा. आता खाली."

त्यांनी दहा मोजले. नंतर एकेक जण भिंतीशी येऊन उभा राहिला, श्यामरावसुद्धा, आणि मोजणं त्यांनीच चालू ठेवलं. मी बाजूला होऊन शर्ट उचलला आणि घाईघाईत डावा हात बाहीत घालू लागलो.

"सर," मोजता मोजता त्या थांबल्या. "पहिले दुखता."

मी डावा हात बाहेर काढला, आणि उजवा घातला.