पाळण्यात आधी वरवंटा

मी एक जुना वरवंटा आहे. काळ्या दगडाचा, मधे जरा फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळता. मित्रांनो, तुमच्या घरी मिक्सर असेल, म्हणून तुम्ही मला कदाचित पाहिलेही नसेल. पाट्यावर मिरची, लसूण, खोबरे ठेवून जो दगड दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढतात, तो मी. पण चटणीची गोष्ट सांगायला मी बसलेलो नाही. आमच्याकडे मूल जन्मले की बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी मूल घालत नाहीत, आधी वरवंटा घालतात. कुंडलमधल्या एका घरात तो मान वर्षानुवर्षे माझा होता. तो मला कसा मिळाला आणि कसा गेला, ते सांगतो.

माझा दगड खाणीतला. एका पाथरवटाने तो फोडला, टाकीने घडवला आणि पाट्यासकट मला खरसुंडीच्या जत्रेत मांडले. तिथे मला मनुबाईने घेतले. तेव्हा ती घरात नवी सून होती. इतर बायका पाट्यावर नख ओढून बघत होत्या. मनुबाईने मात्र मला उचलून कडेवर घेतले, जरा हलवले आणि नवऱ्याला म्हणाली, "ह्योच घ्या. घट हाय."

तिच्या हाताखाली मी खूप राबलो. सकाळी ओली मिरची, दुपारी मसाला, सणाला पुरण. पुरणाच्या दिवशी मी गोड होऊन जाई. शेजारच्या बायका वाटी घेऊन येत आणि म्हणत, "मनुबाई, तुमच्या पाट्याचं वाटण लय ग्वाड लागतंय." मी झिजत होतो, पण त्याचे मला कधी वाईट वाटले नाही. झिजणे हेच माझे काम होते.

मनुबाईला पहिला मुलगा झाला, लालासाहेब. पाचव्या दिवशी तिच्या सासूने मला पाट्यावर उभे करून हळदकुंकू वाहिले. बाराव्या दिवशी मला ऊन पाण्याने न्हाऊ घातले, टोपडे चढवले, काजळाची तीट लावली आणि दुपट्यात गुंडाळले. पाळण्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या राहिल्या. एकीने मला पाळण्याखालून पुढे केले. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या!" दुसरीने मला घेऊन पाळण्यावरून परत दिले. असे इकडून तिकडे फिरून मी पाळण्यात जाऊन पडलो. मला झोके दिले, मग उचलले, आणि माझ्या अंगाने गरम झालेल्या त्या जागेवर मूल ठेवले. ज्या दगडाला रोज तिखट लागते, त्याला त्या दिवशी कुणी "बाळ" म्हटले होते. मला फार बरे वाटले.

पुढे त्या घरात मिक्सर आला. पाट्याला टाकी लावून तो खरखरीत करायला येणाऱ्या बाईला "आता नगं" सांगून परत पाठवू लागले. वाटण बंद झाले, पण मला कुणी टाकले नाही, कारण पाचवी आणि बारसे मिक्सरवर होत नाहीत. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, धान्याच्या कोठीशेजारी मी बसून असे. रूढीने माझे पोट भरले, असे म्हणा हवे तर.

लालासाहेब मोठे झाले. उसाची जमीन, ट्रॅक्टर, दारात गाडी. त्यांच्या बायकोचे नाव लीलाबाई. त्यांना एकच मुलगा, वीरधवल. तो फौजेत गेला. त्याची बायको संयोगिता शिरवळची. तिचे वडील तिथे एका कारखान्यात नोकरीला होते. बोलायला मोकळी, हसायला आणखी मोकळी. तिला पहिली मुलगी झाली, राजनंदिनी.

त्या बारशाला मनुबाई फार थकली होती, पण मला न्हाऊ घालायला तिने कुणाला दिले नाही. संयोगिता बाळंतिणीच्या खाटेवरून बघत होती. तिने विचारले, "आजी, मुलीआधी दगड का वो घालायचा?"

मनुबाई हसली. "आगं, पाळण्याचा दोर तुटायचा आसंल तर दगडाखाली तुटू दे. कुणाची नजर लागायची आसंल तर दगडाला लागू दे. आन् लेकरू ह्याच्यावानी घट हू दे. माज्या येळंला चार झाली, दोन ऱ्हायली. पोरं जगत न्हवती बाई. म्हून दगूड पुढं करायचा आन् लेकरू मागं ठेवायचं."

मित्रांनो, आमच्या रूढीमागचे कारण एवढेच होते. त्यात कुठे मुलगा नव्हता, कुठे मुलगी नव्हती. लेकरू होते. लालासाहेबही त्या दिवशी पेढे वाटत म्हणाले, "पयली बेटी, धनाची पेटी." मनुबाईने ते ऐकले आणि ती पुढच्याच वर्षी समाधानाने गेली. तिला पुढचे काही बघावे लागले नाही.

राजनंदिनी शाळेत जाऊ लागली आणि संयोगिताला पुन्हा दिवस गेले. घर आनंदले. लीलाबाई तिला कामाला हात लावू देईना. मग एके दिवशी "देवाला जाऊन येतो" म्हणून सासू-सासरे तिला घेऊन गाडीने राज्याच्या हद्दीपलीकडे गेले. परत आले तेव्हा कुणी प्रसाद आणला नव्हता. कुठल्याशा दवाखान्यात चोरून तपासणी केली होती. मुलगी होती.

स्वयंपाकघरात बसून लालासाहेब फोनवर वीरधवलशी बोलले. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळे ऐकू आले.

"एक हाय तेवढी बास झाली," लालासाहेब म्हणाले. "एवढं रान कुणाच्या नावावर करायचं? सांग की."

पलीकडून वीरधवल म्हणाला, "तुमी म्हनाल तसं, आबा."

संयोगिता दारात उभी होती. "मामा, मला नाही जायचं," ती म्हणाली.

"तुला कोन इचारतंय?" लालासाहेब रागाने बोलले नाहीत. ताक मागावे तसे बोलले. मग त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर काढून चष्मा लावला. पितृपंधरवडा चालू होता. "ह्यात नगं. चांगलं काम पित्रात करू नये."

मी दगड आहे, तरी तो शब्द मला बोचला. चांगलं काम!

पितृपंधरवडा संपला आणि घट बसले. मग लीलाबाई म्हणाली, "देवी बसलीया घरात. आत्ता नगं." नऊ दिवस तिने पायात चप्पल घातली नाही. अष्टमीला आळीतल्या लहान मुली बोलावल्या, त्यांना पाटावर बसवले, परातीत त्यांचे पाय धुतले, पायांवर कुंकू वाहिले, खीर-पुरी वाढली. आळीत मुली पुरेशा मिळेनात, म्हणून लांबच्या वस्तीवरून दोघींना गाडीत घालून आणले. राजनंदिनीही त्यांच्यात बसली होती. तिच्या पायांवर डोके ठेवून लीलाबाईने "आई जगदंबे" म्हटले. संयोगिता तेव्हा पुऱ्या तळत होती. एक पुरी कढईतच जळून काळी झाली.

लीलाबाईची भक्ती खोटी नव्हती. खोटी असती तर मला एवढे वाईट वाटले नसते.

मग दसरा आला. लालासाहेब कॅलेंडरकडे न बघताच म्हणाले, "आज मुहूर्त बघायचं कारन न्हाई. साडेतीन मुहूर्तांतला हाय."

सकाळी ट्रॅक्टरची पूजा झाली, गाडीची झाली. गाडीला झेंडूची माळ घातली आणि त्याच गाडीत संयोगिताला बसवले. ती रडत नव्हती. फक्त दाराची चौकट धरून उभी राहिली होती, तेव्हा लीलाबाईने तिची बोटे हळूच सोडवली.

संध्याकाळी गाडी परत आली. झेंडू सुकला होता. संयोगिताला धरून आणून आतल्या खोलीत निजवले. तेवढ्यात आपट्याची पाने घेऊन शेजारपाजारची माणसे येऊ लागली. "सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा!" लालासाहेब सगळ्यांना मिठी मारत होते. एक म्हातारी सरळ आत गेली. "सूनबाई, बरं न्हाई व्हय? घे, सोनं घे," म्हणून तिने संयोगिताच्या हातात पान ठेवले. संयोगिताने मूठ मिटली.

पुढचे काही दिवस ती काम करत होती, जेवत होती, पण बोलत नव्हती. एके दुपारी सासू-सासरे शेजारच्या गावी पाहुण्यांकडे गेले. घरात संयोगिता आणि राजनंदिनी दोघीच. संयोगिता माझ्यासमोर येऊन बसली. तिने पाणी तापवले, मला न्हाऊ घातले, पुसले. मग पदराखालून एक टोपडे काढले. पिवळे, नवे, तिने स्वतः शिवलेले. ते माझ्या डोक्यावर घातले, तीट लावली, दुपट्यात गुंडाळले आणि राजनंदिनीचा जुना पाळणा आढ्याला बांधला.

पाळण्याखालून तिने मला पुढे केले. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या," ती म्हणाली. पण पलीकडे घ्यायला कुणी नव्हते. तिचे हात तसेच राहिले. मी जड आहे, ते खाली येऊ लागले.

तेव्हा राजनंदिनी खेळणे टाकून पलीकडे जाऊन उभी राहिली. तिने आपले छोटे हात पुढे केले आणि मला कसेबसे छातीशी धरले. "आई, हे कुणाचं बारसं?"

"तुझ्या बहिणीचं."

"कुठाय ती?"

दोघींनी मिळून मला पाळण्यात ठेवले. संयोगिता वाकली आणि माझ्या दगडी कानापाशी एक नाव म्हणाली. ते मी कुणाला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. मग ती पाळणा हलवू लागली. मला उचलून त्या जागी ठेवायला मूल नव्हते, म्हणून मी तसाच झोके घेत राहिलो. इतका वेळ मी पाळण्यात कधी नव्हतो.

दार उघडे होते. लीलाबाई लवकर परतली आणि तिने ते पाहिले.

"काय गं हे येडंपन?"

"बारसं हाय, आत्याबाई."

"कुनाचं?"

"तुमास्नी ठावं हाय."

लीलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिचे ओठ हलले, डोळे भरले. मला वाटले, आता ही सुनेला पोटाशी धरेल. क्षणभर तिचा हात पुढे आलाही होता. पण बाहेर लालासाहेबांच्या वहाणांचा आवाज झाला. ती झटक्यात उठली, पाळणा सोडला, माझे टोपडे ओढून काढले आणि मला उचलून परसात नेले. कपडे धुवायच्या दगडाशेजारी टाकले. "ह्यो घरात नगं आता," एवढेच ती म्हणाली.

मित्रांनो, मिक्सर आला तेव्हा मला कुणी बाहेर काढले नव्हते. ज्या दिवशी मी खरोखर एका लेकरासाठी पाळण्यात पडलो, त्या दिवशी मला बाहेर काढले.

नंतर संयोगिताला मुलगा झाला, राजवर्धन. आधी पुन्हा हद्दीपलीकडे जाऊन आले होते, हे तुम्हाला कळलेच असेल. बारसे मंगल कार्यालयात ठेवले. वीरधवल सुट्टी काढून आला. फुग्यांची कमान, मोठा फलक, जेवणाला अख्खे गाव. माझी आठवण लालासाहेबांच्या बहिणीला झाली. सुलाबाई परसात येऊन म्हणाली, "आगं लीला, वरवंटा हितं पडलाय. घ्या की संगं." लीलाबाई माझ्याकडे न बघता म्हणाली, "नगं वन्सं. दुकानातनं नवा आनलाय, सजवल्याला." पिशवीतून तिने तो दाखवला. थर्माकोलचा होता. टिकल्या, मणी, मोत्यांच्या झालरी. हातात घेतला तर वजनच नाही. दोराची परीक्षा तो काय घेणार? पण आता त्या परीक्षेची कुणाला गरजही नव्हती. दोर कुणासाठी घट्ट आहे, हे त्या घराने आधीच ठरवून टाकले होते.

कार्यालयातून सगळे परतल्यावर संयोगिता बाळाची दुपटी धुवायला परसात आली. वीरधवल तिच्यामागून आला.

"आता तरी हास की गं," तो म्हणाला. "सगळं मनासारखं झालं न्हवं?"

"हसले की," ती दुपटे पिळत म्हणाली. "फोटोत बघा."

तो आत निघून गेला. ती धुणे वाळत घालत राहिली.

मी अजून त्याच परसात आहे. घरात सगळे सण होतात. गौरी येतात, घट बसतात, मुलींचे पाय धुतले जातात. लालासाहेब पाहुण्यांना प्रत्येक रूढीमागचे कारण सांगतात आणि पाहुणे माना डोलावतात. काही कारणे खरीही असतात.

तुम्हीही कारणे विचारा, मित्रांनो. मोठ्यांना राग आला तरी विचारा. पण उत्तर ऐकून तिथेच थांबू नका. ज्यांच्यासाठी ती रूढी निघाली, त्या माणसांचे त्या घरात काय चालले आहे, तेही डोळे उघडून बघा. माझ्यासारख्या जुन्या वस्तू जपा असे मी म्हणणार नाही. मी फुटलो तर दुसरा दगड मिळेल, खाणी भरल्या आहेत. दगडाला न्हाऊ घालतात ते लेकरासाठी. लेकरूच नको असेल, तर दगडाला हात लावू नका.