अंगठ्याखालची खाच

“डोळे मिटा म्हटलं ना बाबा! बोटांच्या फटीतून बघताय तुम्ही.”

“नाही गं. मिटलेत.”

“मग हसताय कशाला?”

मुलीने त्यांच्या मांडीवर व्हायोलिन ठेवले. बाबांनी डोळे उघडले आणि क्षणभर त्यांना वाटले, हे दुसऱ्याच कुणाचे तरी आहे. पुढच्या फळीवरचा टवका बुजला होता. कडेचे ओरखडे नाहीसे झाले होते. शिकवणाऱ्याचे वाद्य म्हणजे शाळेतला बाक. येता-जाता कुणीही त्याला धडकते. कुणाच्या पट्ट्याचे बकल लागलेले, कुणी धांदलीत स्वरलिपीचा स्टँड त्यावर पाडलेला. बाबा कधी कुणावर रागावले नाहीत. “लागलं का तुला?” एवढेच विचारत आणि मग व्हायोलिनकडे बघत.

मुलगी दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या आणि दातांवरच्या टोप्या बनवायची. शेजारच्या दाताला शोभेल असा नेमका पिवळेपणा जुळवणे हे तिचे रोजचे काम. लाकडाचा तांबूसपणा तिला काय दमवणार! तार बसवायला म्हणून तिने व्हायोलिन नेले होते आणि जेवणाच्या सुट्टीत रोज थोडे थोडे करत हे सगळे उरकले होते.

“आणि ही माझी खरी कमाल,” तिने व्हायोलिन उलटे केले. “मानेवरची, या दांडीमागची खाच! तिथलं लाकूड तुटलं नव्हतं, नुसतं दबलं होतं. ओलं फडकं ठेवलं, वरून तापलेलं हत्यार हळूच टेकवलं. वाफेनं फुगून आलं वर. मानेला पॉलिश नसतं म्हणून जमलं हो. पुढच्या फळीवर असलं काही केलं असतं तर पॉलिशला फोड आले असते.”

बाबांनी मानेखालून अंगठा फिरवला. गुळगुळीत होती. त्यांनी तो पुन्हा मागे नेला आणि पुन्हा पुढे.

“छान झालंय,” ते म्हणाले.

“नुसतं छान? वाजवा ना! ती मुलांची धून वाजवा.”

ती धून त्यांनी वर्गातल्या मुलांसाठी स्वतःच बांधली होती. सुरुवात अगदी सोपी, चालायला लागलेल्या पोरासारखी. शेवटी मात्र हात मानेवरून वर सरकवायचा आणि एक उंच सूर धरायचा.

बाबांनी गज उचलला. सुरुवात नेहमीसारखीच गोड आली. मग हात वर सरकला, अंगठा सरकत गेला, ओळखीचे काही लागले नाही म्हणून आणखी सरकला, आणि बोट तारेवर भलतीकडेच टेकले.

मुलीने नाक मुरडले. “परत.”

त्यांनी परत वाजवले. या खेपेला सूर खाली राहिला.

“चुकलं का?” बाबांनी विचारले.

मुलीचे हसू मावळले. लहानपणी ती सराव करायची तेव्हा हा माणूस मोरीतून साबणाच्या हातांनी ओरडायचा, “तिसरं बोट उतरलंय!” तोच आज स्वतःचा सूर तिला विचारत होता.

“बाबा, तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“आलं की.”

“काय आलं?”

बाबांनी गज खाली ठेवला. “खालचं सगळं येतं. बोलणं येतं. तुझी बडबड तर नको असली तरी येते. वरचे सूर मात्र… काचेपलीकडून कुणी बोलावं तसे.”

“कधीपासून? आणि वर्ग? मुलं चुकलेली कशी कळतात तुम्हाला?”

“बोटं दिसतात ना. आणि माझं मी अंगठ्यावर धकवत होतो. त्या खाचेत अंगठा बसला की हात बरोबर जागी.”

मुलगी त्यांच्या पायाशी खाली बसली. “आणि मी मेली तीच खाच बुजवून आले. हौसेनं!”

“तुला काय स्वप्न पडणार होतं?”

“परत पाडते. आत्ता. तुम्ही वाजवा, मी जागा सांगते, तिथं खूण करू. हत्यारं आहेत माझ्या पिशवीत.” ती उठलीसुद्धा.

“थांब.” बाबांनी त्या गुळगुळीत लाकडावरून अंगठा उचलला. “मुलांना सांगतो, बोटांच्या भरवशावर राहू नका, कानांनी वाजवा. आणि मी? राहू दे आता.”

“मग उद्याचा वर्ग नको. सगळ्यांना कळवते, बरं नाही म्हणून. आधी कानांच्या डॉक्टरकडे जाऊ.”

“डॉक्टरकडे येईन. पण मला बरं आहे. वर्ग होईल.”

रात्रभर त्यांना झोप लागली नाही हे मुलीला कळले.

दुसऱ्या दिवशी मुले सतरंजीवर गोळा झाली. ढकलाढकली संपल्यावर बाबा म्हणाले, “आज एक वेगळं आहे. माझ्या कानांना उंच सूर नीट कळेनासे झालेत. तेव्हा आज तुम्ही सर.”

पुढच्या रांगेत शंकाबाई बसायची. तिच्या प्रश्नांना अंत नसे, म्हणून बाबांनीच ठेवलेले नाव. तिचे डोळे चमकले.

“म्हणजे तुम्ही चुकणार?”

“चुकणार.”

“मुद्दाम, की खरंखरं?”

“खरंखरं.”

मागून कुणीतरी आनंदाने “अरे वा!” म्हणाले.

“सूर खोटा वाटला की हात वर. खरा लागला की खाली. आणि माझी गय करायची नाही.”

सगळ्यांचे हात वर गेले.

“अरे, वाजवू तर द्या!”

हशा ओसरला. बाबांनी धून सुरू केली. हात मानेवरून सरकला, बोट टेकले, आणि हातांचे रान उभे राहिले. दारात उभ्या त्यांच्या मुलीचाही हात वर होता. बाबा थांबले नाहीत. मुलांकडे बघत त्यांनी बोट हळूहळू पुढे सरकवले. मागचे दोन-तीन हात खाली आले. आणखी जरा. मधली रांग खाली आली, मग दारातल्या मुलीचा हात.

शंकाबाईचा हात मात्र तसाच वर. डोळे घट्ट मिटलेले, मान एका बाजूला कललेली. इतर पोरे तिला ढोसू लागली, पण ती ढिम्म.

बाबांनी बोटाचे पेर केसभर कलते केले.

तिचा हात सावकाश मांडीवर आला. बाबांनी बोट तिथेच ठेवले आणि गज टोकापर्यंत ओढला.